मेस्त्रींचं देणं

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या मेस्त्रींचं माझ्यावर असलेलं ऋण पैशानं फिटणारं नाही. इंजिनातलं मला जे काही कळतं, ते त्यांच्या हाताखाली कळलं. आणि आमचं घर एका मोठ्या खर्चातून वाचलं तेही त्यांच्याचमुळे.

वडिलांचा ट्रक होता, हप्ते चालू होते. आंबा घाट चढून आला की स्लोवर (इंजिन नुसतं चालू, रेस न करता) ऑइलचा लाल दिवा मिणमिणायचा, रेस केली की विझायचा. एका गॅरेजवाल्यानं जाड ऑइल घालायला सांगितलं, दुसऱ्यानं अख्खं इंजिन खोलायला. वडील हबकून गेले.

शेवटी ट्रक मेस्त्रींकडे आणला. त्यांनी आधी डिपस्टिक काढली. ऑइल पुरेसं होतं. बोटांवर चोळून वास घेतला. त्यात डिझेल उतरलेलं नव्हतं. "स्विच खराब असला तरी दिवा लागतो. मोजल्याबिगर इंजिनाला हात लावायचा न्हाई," असं म्हणत त्यांनी प्रेशर स्विच काढून त्या जागी ऑइलचा दाब मोजायचा मीटर बसवला. थंड इंजिनावर काटा चौरस इंचाला 60 पौंडांवर गेला. थंडपणी ऑइल घट्ट असतं, त्यामुळे त्या आकड्यावर ते भुलले नाहीत. इंजिन चांगलं तापू दिलं. स्लोवर काटा 6 वर उतरला, आणि रेस करूनही 25 च्या वर जाईना.

तापलेल्या इंजिनाला स्लोवर 10 ते 20 पौंड, पळताना 40 ते 60, हजार फेऱ्यांमागे निदान 10, हा त्यांचा ठोकताळा. नेमका आकडा मात्र कंपनीच्या पुस्तकात बघायचा. "पंप नुसतं ऑइल ढकलतो. पाइपाच्या तोंडावर बोट धरलं की धारेला जोर येतो, बोट काढलं की धार पडते. बेअरिंगची फट वाढली की तसंच हुतंय बघ."

इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर उतरवला. ऑइल ओढणारी जाळी स्वच्छ होती, पंपही ठीक होता. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं. वरचा राखाडी थर झिजून खालचं तांबं दिसत होतं. क्रँक मायक्रोमीटरनं मोजला, तो मापात निघाला. नवीन बेअरिंगं पडली, दाब परत आला. जाड ऑइल घालून तशीच गाडी पळवली असती, तर दिवा काही दिवस विझला असता आणि क्रँक मात्र खराब झाला असता. मग ग्राइंडिंग, जास्त जाडीची बेअरिंगं आणि गाडी कितीतरी दिवस उभी.

एवढं करून त्यांनी नेहमीचीच मजुरी घेतली. मोठं काम काढायची संधी समोर असताना त्यांनी खरं तेच सांगितलं, आणि हाताखालच्या पोरापासून काही लपवून ठेवलं नाही. मेस्त्री आता हयात नाहीत. त्यांच्याकडून मिळालेलं पुढच्या माणसाला देणं, एवढंच माझ्या हातात आहे.

म्हणून सांगतो. चावी फिरवल्यावर लाल दिवा लागला पाहिजे आणि इंजिन चालू होताच काही सेकंदांत विझला पाहिजे. चालत्या गाडीत तो लागला, तर बहुतेक गाड्यांत दाब 5-7 पौंडांपर्यंत उतरलेला असतो. तेव्हा पुढच्या गॅरेजपर्यंत रेटू नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन लगेच बंद करा, डिपस्टिक बघा. ऑइल पुरेसं असेल तरी दाब मोजायचा मीटर लावल्याशिवाय पुन्हा चालू करू नका.