नव्या घराच्या कागदावर तुमचं नाव आहे ना?

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. आमच्या वर्सोव्यात हल्ली त्यात थोडी भर घालायला हवी. घर पाहावं पाडून! सात बंगल्यापासून यारी रोडपर्यंत कुठंही पायी निघा, दर चार इमारतींमागं एक पत्र्यांच्या कुंपणात उभी असते. कुठं हातोडे चाललेले, कुठं खड्डा खणलेला, तर कुठं वीस मजल्यांचं चित्र आणि चित्रात हिरवीगार झाडं. तुमच्याही गावात हे सुरू झालं असेल, नाहीतर लवकरच होईल. म्हणून हा पत्रप्रपंच.

आमच्या पिढीनं वर्सोवा अगदी वेगळं पाहिलं आहे. कोळीवाडा, खाडी, बांबूच्या मांडवांवर वाळणारे बोंबील, थोडे जुने बंगले आणि मधे नुसती दलदल. सहकारी संस्थांचा कायदा १९६० साली आला आणि मालकीच्या फ्लॅटचा १९६३ साली. त्यानंतर गिरगाव-दादरच्या दोन खोल्यांतली माणसं हळूहळू उपनगरांकडे सरकू लागली. ‘अंधेरीच्याही पलीकडे? तिकडे कोण येणार तुमच्याकडे?’ असं नातेवाईक हसून विचारत. मग १९७७ साली म्हाडा स्थापन झाली, चार बंगल्याला सरदार वल्लभभाई पटेल नगर उभं राहिलं, दलदलीवर भराव पडून लोखंडवाला संकुल आलं. आणि ८ जून २०१४ ला वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो सुरू झाली, तेव्हा ‘तिकडे कोण येणार’ म्हणणारेच ‘तुमच्या इथं काही मिळेल का हो?’ असं विचारू लागले.

आमची इमारत १९७९ ची. तळमजला अधिक तीन, चोवीस ब्लॉक, लिफ्ट नाही. समुद्राची हवा माणसाला चांगली, पण लोखंडाला वाईट. खारं वारं सिमेंटच्या आत शिरतं, सळया गंजून फुगतात आणि स्लॅबचे पापुद्रे सुटू लागतात. एका पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावर पाळण्याच्या शेजारीच पोपडा पडला. बाळ तेव्हा आजीच्या मांडीवर होतं म्हणून निभावलं. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची तपासणी करून घ्यायची, असा महापालिकेचा नियम आहेच. इंजिनिअर आले, ठोकून ठोकून पाहिलं आणि म्हणाले, ‘डागडुजीवर पैसे घालवू नका.’

झालं! सोसायटीच्या सभा सुरू झाल्या. तुमच्याकडच्या सभा कशा असतात ठाऊक नाही, पण आमच्याकडे गच्चीवर खुर्च्यांवर पुरुषमंडळी आणि जिन्याच्या दाराशी चहाचे कप मोजणाऱ्या आम्ही. चर्चा कशाची? फुटांची. किती फूट वाढीव मिळणार, कॉर्पस किती, भाडं किती, पार्किंग एक की दोन. या गोष्टी महत्त्वाच्या नाहीत असं मी म्हणत नाही. पण ज्या घराबद्दल हे सगळं चाललं होतं, त्यात दिवसाचे सोळा तास वावरणारी एकही बाई बोलत नव्हती. चोवीस सभासदांत बायकांची नावं तीन, आणि त्यांतल्या दोघी विधवा.

मग नकाशे आले. ह्यांनी पाहिलं, ‘चारशे दहाचे पाचशे वीस होतायत’ म्हणाले आणि चष्मा काढून ठेवला. मी मात्र तो कागद स्वयंपाकघराच्या ओट्यावर पसरला आणि मनातल्या मनात सकाळी सहापासून त्या घरात वावरू लागले. दूध कुठं ठेवलं? कणीक कुठं मळली? कपडे कुठं धुतले, कुठं वाळत घातले? सासूबाई रात्री दोनदा उठतात, त्यांना बाथरूमपर्यंत भिंतीचा आधार आहे का? तर मैत्रिणींनो, मोरी नाही, कपडे वाळत घालायला जागा नाही, आणि स्वयंपाकघराला दार तर नाहीच, भिंतही नाही. दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात ओटा, म्हणजे ओपन किचन.

पुढच्या सभेला मी चहाचा ट्रे शेजारणीच्या हाती दिला आणि खुर्चीवर बसले. आर्किटेक्ट तरुण होता, सभ्य होता. म्हणाला, ‘काकू, आता सगळीकडे हेच चालतं.’ मी म्हटलं, ‘चालत असेल. पण हे वर्सोवा आहे. इथं आठवड्यातून चारदा मासे शिजतात. पाटल्यावर बसून सुरमई साफ करायची ती कुठं? आणि तळल्यावर त्या सोफ्याच्या कापडाला पंधरा दिवस वास येईल, त्याचं काय?’ गच्चीवर हशा पिकला खरा, पण जिन्याच्या दारातूनही आवाज आला, ‘बरोबर बोलतायत त्या!’ मग एकेक जण बोलू लागली. वॉशिंग मशीनचं पाणी, देवघराची दिशा, लोणच्याच्या बरण्यांसाठी माळा. तासाभरात त्या मुलाची दोन पानं भरली. महिन्यानं सुधारलेला नकाशा आला. ओट्याला सरकतं दार आणि त्यामागं चार फुटांची धुण्याची बाल्कनी. चोवीसही घरांना. खर्च फारसा वाढला नाही. फक्त कुणीतरी विचारायला हवं होतं.

फुटांचा हिशेबही नीट समजून घ्या हं. रेरा कायद्यात कार्पेट म्हणजे वापरता येणारी जागा. त्यात घरातल्या आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, शाफ्ट आणि बाल्कनी धरत नाहीत. तुमचं जुनं माप वेगळ्या पद्धतीनं काढलेलं असेल, तर वाढलेल्या फुटांतले काही फूट भिंतीच खाऊन टाकतात. दोन्ही मापं एकाच पद्धतीनं काढून मागा. गव्हाचं आणि रव्याचं माप आपण कधी एक धरतो का?

नियमांचंही थोडं सांगते. शासनानं ३ जानेवारी २००९ ला पुनर्विकासासाठी निर्देश काढले. निविदा मागवायच्या, सभेचं चित्रीकरण करायचं, बिल्डरनं प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी द्यायची, अशा गोष्टी त्यांत आहेत. पूर्वी सभेला हजर असलेल्यांपैकी तीनचतुर्थांश सभासदांची संमती लागायची. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानं एकूण सभासदांपैकी ५१ टक्के पुरेसे ठरवले. म्हणजे निर्णय लवकर होतो, पण गप्प बसणाऱ्याचं घरही त्याच वेगानं रिकामं होतं. वर्सोव्यात तर समुद्र जवळ म्हणून किनारपट्टीचे नियम आणि जुहूचा विमानतळ जवळ म्हणून उंचीची मर्यादा. परवानगीला वेळ लागतो. तेव्हा भाडं किती महिने, एवढंच पाहू नका. भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा मिळेपर्यंत भाडं, असं करारात शब्दशः लिहून घ्या.

हे सांगायला कारण आहे. गोरेगावचं सिद्धार्थनगर, म्हणजे पत्राचाळ, आमच्यापासून फार लांब नाही. तिथल्या ६७२ कुटुंबांच्या घरांचा पुनर्विकासाचा करार २००८ साली झाला. घरं रिकामी झाली, काम रखडलं, भाडं थांबलं. २०१८ साली म्हाडानं विकासकाला दूर करून प्रकल्प आपल्याकडे घेतला आणि काम पुन्हा सुरू व्हायला २०२२ उजाडलं. त्या वर्षांत किती मुलांच्या शाळा बदलल्या असतील आणि किती म्हाताऱ्या माणसांनी दुसऱ्याच्या छपराखाली डोळे मिटले असतील, याचा हिशेब कुठल्या फायलीत नसतो. तो बायकांच्याच लक्षात राहतो.

आता मुख्य गोष्टीकडे येते. आमच्या तळमजल्यावर एक काकू राहतात. चाळीस वर्षं त्या घरात सून म्हणून, आई म्हणून राबल्या. दुपारी शिवणकाम करून ब्लॉकचे हप्ते फेडायला हातभार लावला. करारापूर्वी वर्षभर काका गेले. शेअर सर्टिफिकेटवर नाव एकट्या काकांचं, आणि नॉमिनी म्हणून मोठा मुलगा. कराराच्या दिवशी काकू नेसूचं चांगलं पातळ नेसून गेल्या. त्यांना सांगण्यात आलं, ‘तुमची सही लागत नाही, तुमचं नाव रेकॉर्डला नाही.’ भाड्याचे चेक मुलाच्या नावावर निघाले. मुलगा वाईट नाही हो! पण दर महिन्याला ‘अरे, भाडं आलं का?’ असं विचारताना काकूंचा आवाज खाली येई. तो मी फोनवरून ऐकला आहे.

आमच्या सेक्रेटरींनी मग त्यांना समजावलं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो वारसांचं काम पुरं होईपर्यंतचा नुसता राखणदार. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मृत्युपत्र नसेल तर विधवा, मुलगे, मुली आणि सासू हयात असेल तर तीही, सगळ्यांचा वाटा सारखा. लेकीनं लगेच आईच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं. मुलाला आठ महिने लागले. रागावून नव्हे, ‘काय घाई आहे, आई?’ असं म्हणत म्हणत. शेवटी कागदावर काकूंचं नाव चढलं. ते नाव आलं त्या दिवशी त्यांनी आम्हाला ओल्या नारळाच्या करंज्या पाठवल्या, निमित्त मात्र सांगितलं नाही.

काकूंचं पाहून मी आमच्या कपाटातला लिफाफा काढला. आमच्याकडेही एकट्या ह्यांचंच नाव. रात्री जेवणं झाल्यावर विषय काढला. हे थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं, तुम्हालाही येईल. मी म्हटलं, ‘तुमच्यावर आहे. तुम्ही नसाल त्या दिवसावर नाही.’ दोन दिवस घरात जरा अबोला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना तेच म्हणाले, ‘वकिलांना फोन करू या का?’ आपल्या राज्यात राहतं घर नवऱ्यानं बायकोला बक्षीसपत्रानं दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. नोंदणी आणि इतर अधिभार वेगळे. ह्यांनी घराचा निम्मा हिस्सा माझ्या नावे केला. सोसायटीत माझं नाव दुसरं लागलं. सभेत मत पहिल्या नावाचं, ते हजर नसतील तर दुसऱ्याचं. आणि करारावर दोघांच्या सह्या. नवं घर विकत घेणार असाल, तर एकट्या बाईच्या नावावर घेतल्यास १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, हेही लक्षात असू द्या.

साडेतीन वर्षं आम्ही यारी रोडला भाड्यानं काढली. गेल्या वर्षी परत आलो, नवव्या मजल्यावर. सगळंच गोड आहे असं नाही. लिफ्ट, पंप, पहारेकरी यांमुळे महिन्याचा देखभालखर्च चौपट झाला. पेन्शनीत असणाऱ्यांना तो जड जातो. तोही आधीच विचारून ठेवा. कोळीवाड्यातली मावशी पूर्वी टोपली घेऊन थेट दाराशी यायची, माझी पाटली, तिचा कोयता आणि अर्धा तास गप्पा. आता पहारेकरी तिला फाटकाशीच अडवतो. आम्ही आठ-दहा जणींनी सोसायटीला अर्ज दिला. बुधवारी आणि शुक्रवारी तिला आत सोडतात. दारं बंद असतात, पण जिन्यापाशी पुन्हा चार जणी जमतात. नव्या इमारतीत शेजार आपोआप मिळत नाही, तोही मागून घ्यावा लागतो.

तुमच्या घराचा पुनर्विकास आज नसेल, पुढच्या दहा वर्षांत असेल. तोवर थांबू नका. कपाटातला तो लिफाफा काढा. शेअर सर्टिफिकेटवर कुणाचं नाव आहे पाहा, नॉमिनी कोण आहे पाहा. जमिनीचं अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झालंय का ते सेक्रेटरींना विचारा. झालं नसेल तर २००८ पासून मानीव अभिहस्तांतरणाची सोय आहे. आणि पुढच्या सभेला जाल, तेव्हा चहा दुसऱ्या कुणाला करू द्या.

दारावरच्या पाटीवर आपलं नाव असतं, त्याचा आनंद असतोच. पण पाटी लाकडाची असते हो, घर कागदावर उभं असतं.