चुन्याची कळी

निलंग्याच्या शिवारात चुनखडीचा डोंगर नाही. खाली काळा पाषाण, वर काळी माती. तरी ओढ्याच्या तुटलेल्या काठाशी वाकून पाहिलं की मातीत पांढुरके, गाठीगाठीचे खडे दिसतात. शेतकऱ्याचा यांच्यावर राग. चुनखडीच्या रानात लोह मिळत नाही म्हणून सोयाबीन पिवळं पडतं. मला मात्र हे खडे फार आवडतात. दहावीच्या पुस्तकातलं रासायनिक अभिक्रियांचं प्रकरण आमच्याकडं इथूनच सुरू व्हायला हवं.

पूर्वी असले खडे वेचून भट्टीत भाजत. नऊशे अंशांच्या आसपास खडा फुटतो, म्हणजे नुसता तडकत नाही, त्यातला कर्बवायू निघून जातो आणि कळीचा चुना मागं राहतो. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली तर हाती 56 किलो लागते. 44 किलो हवेत जाते. हे अपघटन.

ती कळी दिवाळीच्या आधी टिपाडात पडते. वर पाणी ओतलं की क्षणभर काहीच होत नाही. मग ढेकळं तडतडतात, फुगतात, वाफ उसळते, टिपाडाच्या पत्र्याला हात लावू म्हटलं तर लावता येत नाही. खाली जाळ नसताना! भट्टीनं घातलेल्या उष्णतेतली काही इथं परत मिळते. 56 किलो कळी 18 किलो पाणी पिऊन 74 किलो होते. हा संयोग.

हा विरलेला चुना निवळला की त्यात नीळ आणि डिंक घालून कुंच्यानं भिंतीला देतात. ओली भिंत आधी मळकटच दिसते. पुढं दिवसामागून दिवस ती हवेतला कर्बवायू घेते, पाणी सोडते आणि उजळते. भिंतीवर पुन्हा चुनखडीच तयार होते, हिशेबानं पुन्हा पूर्ण शंभर किलो. पुस्तकात अपघटन आणि संयोग वेगवेगळ्या मथळ्यांखाली येतात, म्हणून मुलं ती वेगवेगळी पाठ करतात. भिंतीत ती एकाच पदार्थाची जाणी-येणी आहेत.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात औसा-निलंगा भागात जी घरं बसली, त्यांतल्या कितीतरी भिंतींचे दगड नुसत्या मातीत बसवलेले होते. माळवदाचं वजन, भिंतींची जाडी ही कारणंही होतीच. पण माती फक्त वाळते. भिजली की पुन्हा चिखल. तिच्यात नवा पदार्थ तयार होत नाही. भौतिक आणि रासायनिक बदलातला हा फरक आमच्या भागात तरी दोन गुणांचा प्रश्न म्हणून शिकवू नये.

विज्ञानाच्या सरांना आणि मॅडमना विनंती आहे. फळ्यावर समीकरण लिहिण्याआधी ओढ्यातला एक खडा वर्गात आणा, त्यावर विरल आम्लाचे दोन थेंब टाका. जे फसफसतं तो तोच कर्बवायू. कळी विरवून दाखवताना मात्र पोरांना चार पावलं लांब उभं करा. उडालेला चुना डोळ्यांना घातक असतो.