वहीतलं ॲव्हरेज

मैत्रिणींनो, गॅसचं नवं सिलिंडर लावलं की कॅलेंडरवर त्या तारखेला बारीक अक्षरात ‘गॅस’ असं लिहून ठेवायची सवय तुमच्यापैकी किती जणींना आहे? निम्म्याहून जास्त हात वर झाले असतील, अशी माझी खात्री आहे. दुधाचे खाडे, इस्त्रीचे कपडे, पेपरचं बिल, सगळं त्याच कॅलेंडरवर. नेहमी चाळीस दिवस जाणारं सिलिंडर एकदम तिसाव्या दिवशी संपलं, तर आपण लगेच विचारात पडतो. पाहुणे होते का? फराळाचं केलं का? की नळीतून कुठे गळतंय? हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मग दाराशी उभ्या असलेल्या मोटारीचा हिशोब तेवढा ‘तो ह्यांचा प्रांत’ म्हणून आपण का सोडून देतो?

मीही सोडलाच होता. आम्ही साताऱ्याला राहतो. मी एका शाळेत अर्धवेळ शिक्षिका आहे, बी.ए. मराठी घेऊन झालेली, त्यामुळे आकडेमोडीशी माझं सख्य किराणाच्या यादीपुरतंच. दोन वर्षांपूर्वी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, मी मोटार चालवायला शिकले. गाडी लहानशी, पेट्रोलवरची, जुनीच घेतलेली. कामासाठी पंधरा दिवसांतून एकदा ती पुण्याला नेतात हे. आणि रोजची मुलांची शाळा, माझी शाळा, मंडई, बँक ही माझी.

वेगाच्या काट्याशेजारी एक छोटीशी चौकट आहे. लिटरमागे किती किलोमीटर, तो आकडा त्यात उमटतो. पेट्रोल भरलं की आमच्या गाडीत तो नव्याने मोजायला लागतो. त्या आकड्याकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं.

एका रविवारी दीर-जाऊ जेवायला आले होते. गाडीचा विषय निघाला आणि हे म्हणाले, ‘‘पुण्याला नेली की अठरा दाखवते. हिच्या हातात दोन आठवडे दिली की चौदा! कंपनी तर बावीस सांगते. क्लचवर पाय ठेवून चालवत असणार, दुसरं काय?’’ सगळे हसले. मीही वाढता वाढता हसले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी किल्लीकडे हात गेला आणि मागे आला. मी रिक्षा बोलावली.

तीन आठवडे किल्ली खुंटीवरच होती. कुणी विचारलं तर ‘पार्किंग मिळत नाही’ म्हणून सांगायची. सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं, तेव्हाही रिक्षाच. रिक्षात चढताना त्यांचा पाय अडखळला. बसल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘अगं, दारात गाडी असताना तू का नाही काढत?’’ मला उत्तर देता येईना. चार माणसांतल्या एका विनोदाने मी दोन महिन्यांच्या शिकवणीवर पाणी सोडलं होतं. त्या रात्री मुलाची एक अर्धी कोरी वही घेतली आणि रकाने आखले: तारीख, किलोमीटर, लिटर, चौकटीतला आकडा, आणि शेवटचा रकाना ‘कोणी चालवली’. खरंच माझा दोष असेल तर तोही दिसू दे, म्हटलं.

आता मोजायचं कसं ते सांगते, कारण गोम तिथेच आहे. आपण धान्य मापाने मोजतो तेव्हा एकदा सपाट आणि एकदा शिगोशीग भरून चालत नाही. मापाची रीत एकच ठेवावी लागते. टाकीचंही तसंच. पंपावर टाकी पूर्ण भरायला सांगायची. पेट्रोलची नळी आपोआप ‘खट्’ करून बंद होते, तिथेच थांबायचं. वर अजून थोडं, शंभराच्या पटीत पैसे व्हावेत म्हणून, असं करायचं नाही. त्या वेळचे एकूण किलोमीटर वहीत लिहायचे. पुढच्या वेळी पुन्हा तशीच टाकी भरायची, जमलं तर त्याच पंपावर. दुसऱ्या वेळी जितके लिटर मावले तितकंच पेट्रोल मधल्या काळात जळलं. मधल्या किलोमीटरना त्या लिटरनी भागलं की झालं. मध्ये कधी पाचशे रुपयांचंच भरलं असेल, तरी हरकत नाही. पावतीवरचे लिटर लिहून ठेवायचे आणि पुढे टाकी पूर्ण भराल तेव्हाच्या लिटरमध्ये मिळवायचे.

जानेवारीत टाकी भरली तेव्हा आकडा होता ४१,२०६. पुढच्या वेळी ४१,६१८. म्हणजे ४१२ किलोमीटर, आणि पेट्रोल बसलं २७.४ लिटर. भागाकार आला १५. चौकटीत मात्र होतं १६.१! मी तीनदा भागाकार केला. मग पुढच्या दोन टाक्या बघितल्या. माझी गावातली टाकी: ३६१ किलोमीटर, २६.९ लिटर, म्हणजे १३.४, चौकट म्हणे १४.३. ह्यांची पुण्याची टाकी: ४४८ किलोमीटर, २६.२ लिटर, म्हणजे १७.१, चौकट म्हणे १८.२. दर वेळी ती एक किलोमीटर चढवूनच सांगत होती. गाडीतला संगणक पेट्रोल मापाने मोजत नाही. इंजिनात पेट्रोलचा फवारा सोडणारे इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले, त्यावरून तो अंदाज बांधतो. त्यामुळे थोडी तफावत पडते. पण तफावत दर वेळी तेवढीच असेल, तर चौकट निरुपयोगी नाही. पाच मिनिटं पुढे असलेलं घड्याळ आपण वापरतोच ना!

आता ते कंपनीचे बावीस. तो आकडा खोटा नसतो, पण तो रस्त्यावरचाही नसतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेत गाडी रोलरवर उभी करतात आणि ठरलेल्या क्रमाने तिचा वेग वाढवत-कमी करत नेतात. सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा, म्हणून दोन गाड्यांची तुलना करायला तो उपयोगी. पण त्या रोलरवर शाळा सुटल्यावरची गर्दी नसते, आणि पाऊणशे किलो सामान भरून निघालेले चौघंजणही नसतात.

आणखी एक गंमत. चौकटीत बटण दाबलं की दोन आकडे आलटून पालटून दिसतात: एक सरासरी आणि दुसरा त्या क्षणाचा. एकदा मुलांना घेऊन कासला गेलो. यवतेश्वरचा घाट चढताना त्या क्षणाचा आकडा सहा-सातवर आला आणि उतरताना एकदम नव्व्याण्णव! मुलगा ओरडला, ‘‘आई, गाडी फुकट चाललीय!’’ बोलणं अगदीच खोटं नव्हतं. हल्लीच्या गाड्यांत गियर तसाच ठेवून पाय उचलला, की उतारावर इंजेक्टर पेट्रोल बंद करतात. म्हणून उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करणाऱ्यांचं उलट नुकसानच होतं. इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच, आणि सगळा भार ब्रेकवर येतो तो वेगळाच. पण त्या क्षणाच्या आकड्यावरून गाडीला नाव ठेवू नये की तिचं कौतुकही करू नये. दुधाला उकळी आली त्या क्षणी बघून महिन्याचा गॅस ठरवतो का आपण?

वही बघून हे म्हणाले, ‘‘सोपं आहे. पुण्याला सतरा, गावात तेरा, म्हणजे गाडी पंधरा देते.’’ इथे माझ्यातली बाई जागी झाली, म्हणजे शाळेतली! समजा, १२० किलोमीटर वीसच्या हिशोबाने गेलो आणि १२० दहाच्या. पहिल्याला ६ लिटर, दुसऱ्याला १२. एकूण २४० किलोमीटर, १८ लिटर. उत्तर १३.३, पंधरा नव्हे. सरासरींची सरासरी काढायची नसते. सगळे किलोमीटर एकत्र, सगळे लिटर एकत्र, आणि मग भागाकार. ह्यांनी चष्मा वर केला, पुन्हा खाली केला, आणि ‘‘हं’’ म्हणाले.

मार्चमध्ये ह्यांचं पुण्याला जाणं महिनाभर बंद होतं. मी म्हटलं, ‘‘अहो, एक टाकी तुम्ही गावात चालवा. शाळा, मंडई, बँक, सगळं तुम्हीच.’’ हे कबूल झाले. टाकी संपली तेव्हा मुद्दाम ह्यांच्याच हातात पेन दिलं. ३३८ किलोमीटर, २५.८ लिटर. भागाकार आला १३.१. माझ्यापेक्षा ०.३ कमीच! एवढा फरक एका जादा फेरीनेही पडतो, म्हणून मी त्याचा झेंडा केला नाही. पण रस्ता सारखा झाल्यावर आकडाही सारखा झाला, हे मात्र दोघांनी बघितलं. चार किलोमीटरच्या फेरीत इंजिन नीट गरम होतं न होतं तोच आपण ते बंद करतो. थंड इंजिन जास्त पेट्रोल खातं. त्यात चढ, गतिरोधक, वाटेत आडवी उभी असलेली माणसं. हा सगळा दोष माझ्या पायाच्या नावावर जमा होत होता.

पण मैत्रिणींनो, वहीने मलाही सोडलं नाही. ‘क्लचवर पाय’ हे बोलणं काही अंशी खरं होतं. गर्दीत माझा डावा पाय नकळत तिथेच विसावलेला असायचा. त्याने क्लच झिजतो, म्हणून आता पाय बाजूला ठेवते. दुसरं म्हणजे, शाळा सुटायच्या आधी वीस मिनिटं मी एसी लावून, इंजिन चालू ठेवून गाडीत वह्या तपासत बसायची. उभ्या लहान गाडीलाही तासाला अर्धा लिटर पेट्रोल सहज लागतं, एसी असेल तर त्याहून जास्त. महिन्याच्या चोवीस दिवसांचे आठ तास झाले. म्हणजे चार लिटरहून जास्त पेट्रोल मी जागेवर बसून जाळत होते. आता झाडाखाली गाडी लावते, काचा खाली करते. चाकांतली हवाही दर पंधरा दिवसांनी, सकाळी चाकं थंड असताना बघते. किती भरायची ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या कागदावर छापलेलं असतं.

खरा उपयोग मात्र पावसाळ्यात कळला. जूनची गावातली टाकी १३.३ ची. जुलैची आली १२.१. हे म्हणाले, ‘‘पेट्रोलमध्ये इथेनॉल घालतात ना, त्याने पडलं असेल.’’ आपल्या भागात उसाचे कारखाने, त्यामुळे इथेनॉल आपल्याला नवं नाही. २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये त्याचं प्रमाण २० टक्क्यांवर गेलं. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या जवळजवळ दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, म्हणून ॲव्हरेज थोडं कमी होतं हे खरं. पण मी वही पुढे केली. तेच पेट्रोल, तोच पंप जानेवारीतही होता. मग आत्ताच काय झालं?

ऑगस्टची टाकी आली ११.२. त्याच दिवशी शाळेतून आल्यावर मागच्या डाव्या चाकाशी जळका वास आला. हात नुसता जवळ नेला तरी धग लागत होती. बाकीची चाकं तशी नव्हती. मी तशीच गाडी गॅरेजात नेली. खरं म्हणजे चालवत न्यायला नको होती, हे मेस्त्रींनी नंतर सांगितलं. पावसाने हॅन्डब्रेकची तार गंजली होती आणि ब्रेक खाली केला तरी पूर्ण सुटत नव्हता. ‘‘वहिनी, महिनाभर एक चाक धरूनच गाडी ओढताय तुम्ही. घाटात गेला असता तर ब्रेक तापून लागलेच नसते.’’ त्याच रविवारी आम्ही मुलांना घेऊन ठोसेघरचा धबधबा बघायला निघणार होतो. मी काही बोलले नाही. घरी येऊन ह्यांच्यासमोर वही ठेवली आणि चहा टाकायला गेले. हात जरा थरथरत होते.

दुरुस्तीनंतरची टाकी पुन्हा १३.३ ची. ती नोंद माझ्या अक्षरात नाही. ह्यांनी स्वतः पंपावर लिहिली. चुकलं वगैरे ते काही म्हणाले नाहीत. आपल्या घरांत पुरुष असं म्हणत नाहीत, हे तुम्हाला काय सांगायचं! पण शेवटच्या रकान्यावरचं ‘कोणी चालवली’ हे त्यांनी सरळ रेघ मारून खोडलं होतं आणि वर लिहिलं होतं, ‘कोणता रस्ता’.

तेव्हा, बायांनो, गाडी तुम्ही चालवत असाल वा नसाल, एक वही करा. तीन-चार टाक्यांत तुमच्या गाडीची नेहमीची चाल कळेल, आणि ती बिघडली की तेही कळेल. आणि जेवायच्या पानावर कुणी ॲव्हरेजवरून बोललंच, तर रागावू नका. शांतपणे एवढंच विचारा, ‘‘कोणत्या रस्त्यावरचं?’’

किल्ली आता खुंटीवर नसते. माझ्या पर्समध्ये असते.