योकोझुनाचं पान

गेल्या महिन्यात इस्लामपूरला मामाकडे गेलो होतो. मामाने घराचं काम काढलंय, त्यामुळे माळ्यावरचा तीस वर्षांचा पसारा सोप्यात येऊन पडलेला. त्यात बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात आमचे डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते सापडले. बांधलेलं रबर वितळून वरच्या पानाला चिकटलं होतं, बाकी गठ्ठा शाबूत.

नव्वदच्या दशकात जे शाळेत होते त्यांना हे पत्ते म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात: प्रत्येक पानावर एका रेसलरचा फोटो आणि खाली त्याची रँक, उंची, वजन, छाती, बायसेप्स, किती फाइट लढला, किती जिंकला. आपल्या हातातलं वरचं पान बघायचं आणि जो आकडा दांडगा असेल तो ओरडायचा. समोरच्याचा कमी निघाला की त्याचं पान आपलं. डोक्याला फार ताण नाही. जायंट गोन्झालेस आला की डोळे मिटून उंची, कारण आठ फूट. योकोझुना आला की वजन. पाचशे पौंडांच्या वर! त्या पानाला तोड नव्हती.

मामेभाऊ (माझ्याहून तीन वर्षांनी लहान, आता दोन मुलींचा बाप) आणि मी जेवणं झाल्यावर ते पत्ते घेऊन बसलो. दोन-तीन डाव झाले. मग तो म्हणाला, "दादा, ही माणसं आता काय करत असतील रे?" आणि गंमत म्हणून मोबाइलवर एकेक नाव शोधायला लागला.

पहिला गोन्झालेस. अर्जेंटिनाचा, मुळात बास्केटबॉल खेळणारा. आठ फूट हे पत्त्यावरचं, प्रत्यक्षात साडेसात फुटांच्या थोडा वर. केस चिकटवलेला, स्नायू रंगवलेला तो विचित्र सूट घालून १९९३ मध्ये अंडरटेकरशी लढला होता, आठवत असेल. शेवटची वर्षं व्हीलचेअरवर. २०१० मध्ये मधुमेहाने गेला. वय ४४.

ब्रिटिश बुलडॉग, २००२, वय ३९. मिस्टर परफेक्ट, २००३, वय ४४. रिक रूड, १९९९, वय ४०. बिग बॉस मॅन, २००४, वय ४१. अर्थक्वेक, २००६, कॅन्सर, वय ४२. बॅम बॅम बिगेलो, २००७, वय ४५. क्रश, त्याच वर्षी, वय ४३. भाऊ आधी मोठ्याने वाचत होता, मग नुसताच मोबाइल माझ्यापुढे धरायला लागला. योकोझुनाचं वय ३४ निघालं तेव्हा म्हणाला, "च्यायला, ही तर आपल्या वयाची पोरं होती की."

खरं आहे. तेव्हा ते आम्हाला राक्षस वाटायचे, निदान काका-मामांच्या वयाचे तरी. मी आज अडतीस वर्षांचा आहे.

इथे आण्णांबद्दल सांगायला हवं. आण्णा म्हणजे माझे आजोबा, आईचे वडील. तरुणपणी काही वर्षं तालमीत होते. एक कान मोडलेला, कुस्ती करणाऱ्यांचा असतो तसा. आम्ही टीव्हीपुढे बसलो की ते मागून जाता जाता म्हणायचे, "ही कसली कुस्ती? आधीच ठरलेलं असतंय सगळं." आम्ही लक्ष द्यायचो नाही. १९९७ च्या मे महिन्याच्या सुट्टीत मी बुलडॉग झालो आणि या भावाला खांद्यावर घेऊन दिवाणावरून खालच्या गादीवर आपटला. गादी थोडी अलीकडे होती. तो सहा वर्षांचा, कोपराचं हाड मोडलं. सगळी सुट्टी प्लास्टरमध्ये गेली त्याची. आण्णांनी मला मारलं नाही. रात्री शेजारी बसवून एवढंच म्हणाले, "त्यांना पडायला शिकवलेलं असतंय. तुला कुणी शिकवलं होतं?"

मी विचारलं, मग रक्त येतं ते? तर म्हणाले, "ते बी ठरलेलं." मला भावाचा हात मोडल्याचं वाईट वाटत होतंच, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त याचं वाटलं.

आण्णा बरोबर होते. रक्तसुद्धा ठरलेलं असायचं, पण ते कसं? रेसलर ब्लेडचा बारीक तुकडा मनगटाच्या पट्टीत लपवायचा आणि तोंड झाकून पडलेला असताना स्वतःच स्वतःचं कपाळ चिरायचा. म्हणजे ठरलेलं होतं आणि खरंही होतं. सगळ्या प्रकाराचं असंच आहे. कोण जिंकणार ते खोटं, पडणं खरं. रिंगमध्ये खाली लोखंडी-लाकडी सांगाडा, वर फळ्या, त्यावर फोमचा पातळ थर आणि कॅनव्हास. हनुवटी छातीला लावून सपाट पाठीवर पडायचं, म्हणजे मार एका जागी न बसता सगळीकडे वाटला जातो. वाटला जातो, नाहीसा होत नाही. आपल्या आखाड्यातली लाल माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून मऊ करतात, ती पैलवानाला झेलावी म्हणून. तिकडे फळ्यांनी झेलायचं.

हल्क होगनचं उदाहरण घ्या. त्याचा शेवटचा डाव लेग ड्रॉप. समोरच्याला झोपवायचं, दोरीवरून पळत यायचं, उडी मारायची आणि पाय त्याच्या गळ्यावर टाकायचा. पाय पडायचा तो अगदी अलगद, समोरच्याला काही होत नसे. पण उडी मारून जो बसला, तो कुठे बसला? कमरेवर, त्या फळ्यांवर. तीनशे पौंडांच्या आसपासचा माणूस, रोज रात्री, वर्षानुवर्षं. पाठीची आणि खुब्यांची त्याने इतकी ऑपरेशनं करून घेतली की शेवटी तो स्वतःच म्हणायचा, दुसरा एखादा डाव निवडायला हवा होता. मार खाणाऱ्याला नाही, मारणाऱ्याला लागत होतं! २०२५ च्या जुलैमध्ये तो गेला, ७१ वर्षांचा होऊन. या यादीत ते म्हातारपणच.

बरं, पडून दुखलं तर माणूस घरी बसेल. इथे ती सोय नव्हती. ऐंशीच्या दशकात वर्षातले अडीचशे-तीनशे दिवस रस्त्यावर, आज या गावात, उद्या त्या. नाही लढलं तर पैसे नाहीत. म्हणून दुखण्यावर गोळी, झोपेसाठी दुसरी गोळी, सकाळी उठायला तिसरं काहीतरी, आणि या सगळ्याच्या जोडीला स्टेरॉइड, कारण पत्त्यावर छापण्याजोगे बायसेप्स नुसत्या अंड्यांवर होत नाहीत. हृदय हाही स्नायूच आहे, तोही त्याने जाड होतो, आणि ते काही चांगलं नसतं. स्टेरॉइड पुरवणाऱ्या एका डॉक्टरला १९९१ मध्ये शिक्षा झाली. कंपनीचा मालक व्हिन्स मॅकमॅहन १९९४ च्या खटल्यात निर्दोष सुटला, पण त्याच खटल्यात होगनने साक्षीत सांगितलं की आपण वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेत होतो.

नुसतं ठरवून खेळल्याने कोणी मरत नाही, हेही सांगायला हवं. आपले दारासिंग फ्रीस्टाइल लढायचे, त्या कुस्त्या नुरा असतात असं लोक तेव्हाही म्हणायचे. ते २०१२ मध्ये गेले, ८३ वर्षांचे होऊन, मध्ये हनुमानाचं काम करून. असो.

मी रात्री झोपलो नाही, वाचत बसलो. सगळ्यात जास्त वेळ बुलडॉगवर गेला, कारण भावाला आपटताना मी तो होतो. १९९२ मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये ऐंशी हजार लोकांसमोर त्याने ब्रेट हार्टला हरवलं होतं. पुढे दुसऱ्या कंपनीत गेला. तिथे १९९८ मध्ये एका शोसाठी रिंगच्या फळ्यांत चोरदरवाजा केला होता, अल्टिमेट वॉरियरने धुरातून अचानक वर यावं म्हणून. बुलडॉग नेमका त्यावर पाठीवर पडला. मग मणक्यात संसर्ग, महिनोन्‌महिने हॉस्पिटल, आणि वेदनेवरची औषधं जी पुढे सुटली नाहीत. सुट्टीवर असताना हृदयविकाराचा झटका येऊन गेला.

त्याचा भाऊ डायनामाइट किड. दोघं जोडीने ब्रिटिश बुलडॉग्ज म्हणून लढायचे. हा डायनामाइट वरच्या दोरीवरून डोकं पुढे करून समोरच्यावर झेप घ्यायचा. पन्नाशीच्या कितीतरी आधीच तो व्हीलचेअरवर आला आणि २०१८ मध्ये, साठाव्या वाढदिवशीच वारला. पण कॅनडातला एक मुलगा त्याची कुस्ती बघून वेडा झाला होता. तोही मोठेपणी तीच झेप घ्यायला लागला, तसंच डोकं पुढे करून. तो क्रिस बेन्वा. २००७ च्या जूनमध्ये त्याने बायकोला आणि सात वर्षांच्या मुलाला मारलं आणि स्वतः फास घेतला. नंतर त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, हा ८५ वर्षांच्या अल्झायमरच्या रोग्याचा शोभेल. तो ४० वर्षांचा होता. मेंदूमुळेच त्याने ते केलं असं कोणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, स्टेरॉइडही होतेच, आणि केल्याचं माप कशानेच कमी होत नाही. पण मला ती नक्कल सोडवत नाही. एकाने दुसऱ्याचं बघून उचललं. मीही तेच केलं होतं, फक्त दिवाणावरून.

आणि ओवेन हार्ट. बुलडॉगचा मेव्हणा, ब्रेटचा धाकटा भाऊ. २३ मे १९९९, कॅन्सस सिटी. विनोदी पात्र होतं त्याचं, निळा मुखवटा घालून छतावरून दोरीने खाली यायचं आणि शेवटी मुद्दाम धडपडायचं. म्हणून पट्ट्याला झटकन सुटणारा हूक लावला होता. तो वरच सुटला. सुमारे ७८ फुटांवरून पडला, ३४ वर्षांचा. त्याला स्ट्रेचरवरून नेलं आणि पुढची फाइट सुरू झाली. घरी टीव्हीवर बघणाऱ्यांना तो गेल्याचं सांगितलं, हॉलमध्ये बसलेल्या प्रेक्षकांना सांगितलंच नाही. त्यांतल्या कितीतरी जणांना वाटलं, हाही ठरलेला भाग असेल.

मला शाळेत एका मित्राने सांगितलं तेव्हा मी शहाण्यासारखा म्हणालो होतो, "खोटं असेल रे. सगळं ठरलेलं असतं." आण्णांचं वाक्य चुकीच्या जागी वापरलं.

ही माणसं कंपनीची नोकरदार कधीच नव्हती. कागदोपत्री स्वतंत्र कंत्राटदार. त्यामुळे आरोग्यविमा आपला आपण, पेन्शन नाही, युनियन नाही. १९८६ मध्ये जेसी व्हेंचुराने युनियनचं मनावर घेतलं होतं, तर ती बातमी मालकाला नेऊन पोचवली होगननेच, हे पुढे कोर्टाच्या कामात उघड झालं. पुढे बऱ्याच गोष्टी सुधारल्या, नाही असं नाही. २००५ मध्ये एडी गरेरो ३८ व्या वर्षी हॉटेलात मेलेला सापडला, त्यानंतर २००६ पासून औषधांच्या चाचण्या आल्या. व्यसनं सोडवायचा जुन्यांचा खर्च कंपनी करते. डोक्यात खुर्ची घालणं २०१० मध्ये बंद केलं. पण आमच्या डब्यातल्यांना त्याचा काय उपयोग?

पहाटे भाऊ पाणी प्यायला उठला, तर मी जागाच. म्हणाला, "अंडरटेकर तरी आहे ना?" म्हटलं, आहे. आमच्या शाळेत सगळ्यांना ठाम माहीत होतं की तो सात वेळा मरून परत आलाय. १९९४ मध्ये योकोझुनाने बऱ्याच जणांच्या मदतीने त्याला शवपेटीत कोंडलं होतं आणि तो धुरातून वर स्वर्गात गेला होता, त्याच ऑगस्टमध्ये परत आला. २०१४ ची फाइट त्याला डोक्याच्या माराने आजही आठवत नाही, पण २०२० मध्ये निवृत्त होऊन तो बरा आहे. पेटीत घालणारा मात्र २३ ऑक्टोबर २००० ला लिव्हरपूलच्या एका हॉटेलच्या खोलीत गेला. जपानी सुमो म्हणून दाखवायचे, होता सामोअन वंशाचा अमेरिकन. कंपनीला आधी त्याचं ते वजनच हवं होतं. मग ते इतकं वाढलं की कमी करायला पाठवलं, आणि कमी झालं नाही तेव्हा काढून टाकलं. नंतर मिळेल तिथे लढायचा. फुफ्फुसात पाणी झालं होतं.

"आपण हे शेवटचे कधी खेळलो?" भावाने विचारलं.

मला आठवत होतं. माझी सातवी झाली त्या सुट्टीत, २००१ च्या मे महिन्यात, याच सोप्यात. योकोझुनाचं पान बहुतेक वेळा त्याच्याकडेच असायचं. तो गेल्याला तेव्हा सात महिने झाले होते, आणि आम्ही वजन ओरडत होतो.

भावाने नवं रबर आणलं आणि पत्ते बांधून परत डब्यात ठेवले.