आतली सफाई

टॅक्सी धुणं म्हटलं की बादली, फडकं आणि चकचकीत बॉनेट डोळ्यांसमोर येतं. पण प्रवासी बॉनेटवर बसत नाही, तो आत बसतो. माझे अब्बा कुर्ल्यात राहत आणि मुंबईत टॅक्सी चालवत. काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी. बाहेरून गाडी पाऊसही धुतो, आतून ती आपल्यालाच धुवावी लागते, असं ते म्हणत.

त्यांची हत्यारं घरातलीच होती. रंगाऱ्याचा मऊ ब्रश, जुना टूथब्रश, दोन बादल्या आणि अम्मीच्या विटलेल्या ओढण्यांची फडकी. क्रम मात्र ठरलेला. आधी कोरडं, मग ओलं. आधी वर, मग खाली. मॅट काढून झटकायच्या, सीटच्या फटीतली धूळ ब्रशने ओढून काढायची. धुळीवर आधीच पाणी टाकलं तर तिचा चिखल होऊन शिवणीत बसतो. डॅशबोर्डवर पाणी शिंपडायचं नाही, मागे वायरी असतात. फडकं ओलं करून घट्ट पिळून फिरवायचं. चमक यावी म्हणून तेल चोपडायचं नाही, कारण उन्हात त्या चकाकीचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं आणि रस्ता नीट दिसत नाही. रेक्झिनला थोडा साबण आणि कोमट पाणी, लगेच कोरडं फडकं. छताचं कापड गोंदाने चिकटवलेलं असेल तर ते भिजवायचं नाही, नाहीतर लोंबायला लागतं.

टॅक्सीत माणसं काय काय घेऊन बसतात! कुणाकडे मासळीची पिशवी, कुणाच्या मांडीवर आजारी मूल. जखमी माणसाला पोचवताना सीटला रक्त लागलं, तर अब्बा थंड पाणीच घेत. गरम पाण्याने रक्त गोठून धाग्यात पक्कं बसतं. घासायचं नाही; कडेकडून मध्याकडे टिपत जायचं. टिपता टिपता ते पुटपुटत, "अल्ला जाने, बेचारा बचा की नहीं." अशा प्रवाशाला त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. डाग काढता येतो, हे त्यांना माहीत होतं.

खरी परीक्षा आली २६ जुलै २००५ ला. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठी नदी फुगली आणि आमच्या गल्लीत उभी असलेली टॅक्सी सीटच्या वरपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर अब्बांनी चावीला हात लावला नाही, आधी बॅटरीची तार सोडवली. ओळखीच्या मेकॅनिकने आठवड्याभरात इंजिन चालू करून दिलं. पण वास कोण काढणार? लोक दार उघडत, नाक मुरडत आणि मागच्या टॅक्सीकडे वळत. कर्जाचा हप्ता तोंडावर होता, माझी कॉलेजची फीही भरायची होती.

मग घरातले सगळे कामाला लागलो. ते गटाराचं पाणी होतं आणि त्या दिवसांत मुंबईत लेप्टोची साथ होती, म्हणून हातमोजे आणि गमबूट घालूनच. बोल्ट सोडवून सीट चाळीच्या गॅलरीत आणल्या. कव्हर उसवलं, तर स्प्रिंगांवरचा काथ्या चिखलाने काळा पडलेला. तो फेकून दिला. स्प्रिंगा घासून, वाळवून, त्यांना गंजरोधक रंग दिला आणि वर नवा फोम घातला. पण वासाचं मूळ आणखी खाली होतं. रबरी मॅटखाली जो नमदा असतो, तो पाणी पिऊन बसला होता. तोही गेला. तळाची रबरी बुचं काढून पत्रा साबणाने धुतला, मग जंतुनाशकाने पुसला. ऑगस्टचं आभाळ, ऊन कुठलं! दारं उघडी ठेवून घरातला टेबलफॅन चार दिवस गाडीत फिरत राहिला आणि आम्ही उकाड्यात झोपलो. शेवटी रात्रभर खाण्याच्या सोड्याच्या वाट्या ठेवल्या. अम्मीने अत्तराचा फाया पुढे केला, तेव्हा अब्बा म्हणाले, "अभी नहीं. पहले बू जाने दो, खुशबू बाद में."

पाचव्या दिवशी ते रात्री उशिरा घरी आले. अम्मीने विचारलं, "कोई कुछ बोला?"

"कोई कुछ नहीं बोला," अब्बा म्हणाले आणि पोटभर जेवले.

पद्मिनीचं उत्पादन त्या पुराच्या आधीच थांबलं होतं. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या टॅक्सींतूनही गेली. माझा भाचा आता मोबाइलवरून बुकिंग मिळणारी टॅक्सी चालवतो. त्याच्याकडे व्हॅक्यूम क्लीनर आहे, मायक्रोफायबरची फडकी आहेत, काचेसाठी वेगळं आणि सीटसाठी वेगळं. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पुसायचा आणि वाळल्याशिवाय आत सोडायचा नाही, हे त्याच्याकडूनच मला कळलं. एसीला कुबट वास आला की केबिन फिल्टर बघायचा, हेही. तरी पावसाळ्यात कधी तो सुगंधी डबी घेऊन येतो आणि म्हणतो, "खाला, गाडीत वास येतोय."

मी त्याला आधी मॅट उचलून खाली हात लावून बघायला सांगते.