वहीतली नावे

मेहकरहून मालेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर डोणगाव लागते. तेथील बाजारपेठेत एका जैन कुटुंबाचे जुने दुकान आहे. यंदा ते पाडून नवे बांधायचे ठरले, तेव्हा माळ्यावरून लाल कापडी बांधणीच्या वह्यांचे गठ्ठे खाली उतरले. काहींना कसर लागली होती, काहींची पाने एकमेकांना चिकटली होती. घरातल्या कर्त्या मुलाने रद्दीवाल्याला निरोप धाडला. त्याच सुमारास पुण्यात नोकरीला असलेला नातू घराण्याची स्मरणिका काढायच्या तयारीत होता. मारवाडातून वऱ्हाडात आलेल्या पूर्वजांचा गौरव करावा, त्यांची दाने, त्यांनी बांधलेले स्थानक, पाणपोई, मुलांच्या पदव्या हे सारे सुबक छापावे, असा त्याचा मानस होता. वह्यांची त्याला आठवणही नव्हती.

ब्याऐंशी वर्षांच्या दादाजींनी रद्दीवाल्याला परत पाठवले. "पूर्वजांचा गौरव करायचा ना? मग पूर्वज काय लिहून गेले ते आधी वाचा," एवढेच ते म्हणाले.

वाचणार कोण, हा प्रश्नच होता. वह्या महाजनी लिपीत होत्या. या लिपीला काना-मात्रा नाहीत. 'काका अजमेर गया' असे लिहिलेले 'काका आज मर गया' असे वाचले गेले आणि घरात रडारड झाली, ही कथा प्रत्येक मारवाडी घरात हसत सांगितली जाते. पण आता त्या घरात ती लिपी जाणणारे एकटे दादाजीच उरले होते. त्यांच्या डोळ्यांची एक शस्त्रक्रिया झालेली, दुसरी व्हायची होती. त्यांच्यानंतर या वह्या कोणासाठी बोलणार नव्हत्या.

वऱ्हाडातील जैन व्यापारी कुटुंबांपैकी अनेकांची कथा सारखीच आहे. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. पुढे अमेरिकेतील यादवीमुळे, 1861 ते 1865 या काळात, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीतील कापसाला एकदम भाव आला. 1870 मध्ये खामगावला रेल्वे पोहोचली. त्या बाजाराच्या ओढीने मारवाडातील तरुण आले. कोणी मुनीम झाले, कोणी कपड्याचे गाठोडे पाठीवर घेऊन खेडी फिरले, आणि थोडे भांडवल जमताच मोठ्या बाजारापासून दूरच्या गावात दुकान थाटले. डोणगावच्या या घराचे मूळपुरुष असेच खामगावच्या मुनीमकीतून घाट चढून आले होते.

मात्र ज्या धर्माचे ते होते, तो धर्म या भूमीला नवा नव्हता. शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ या वाटेपासून फार दूर नाहीत. कारंजा येथील भट्टारकपीठांनी हस्तलिखितांचे भांडार शतकानुशतके जपले होते. श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेला लेख मराठीच्या प्राचीन शिलालेखांत गणला जातो. म्हणजे बाहेरून आलेली माणसे एका अर्थाने आपल्याच जुन्या घरी येत होती. पुढच्या पिढ्यांनी घरात मारवाडी आणि दुकानात वऱ्हाडी बोलत दोन्ही भाषा आपल्या केल्या, आणि आज त्यांची नातवंडे मराठीतच विचार करतात.

दादाजींनी उघडलेली सर्वांत जुनी वही संवत 1956 ची होती. त्या वर्षाचे नाव मारवाडात अजूनही धसक्याने घेतात: छपनिया काळ. 1899-1900 च्या त्या दुष्काळाने राजस्थान, गुजरात आणि वऱ्हाड एकाच वेळी होरपळले. त्याच सुमारास जामनगरकडील हालारी ओसवालांतले काही जण गलबतांतून मोंबासाला उतरले. त्यांच्या वंशजांनी केनियात दुकाने, शाळा, मंदिरे उभी केली, आणि पुढे त्यांतले कित्येक इंग्लंडला गेले. एका दुष्काळाने माणसे कुठल्या कुठे फेकली गेली! कोणी समुद्रापार गेले, कोणी आधीच येऊन डोणगावच्या ओट्यावर बसले होते.

त्या वर्षीच्या पानांवर शेतकऱ्यांची नावे होती. नावे ज्वारी, नावे बियाणे, नावे बैलासाठी रोख. पुढे व्याज. काही खात्यांखाली 'जमा' होऊन रेघ मारलेली होती. दोन खात्यांवर बाकी सोडून दिल्याची नोंद होती. आणि सात खात्यांच्या शेवटी शेत लिहून घेतल्याची नोंद होती.

नातवाने विचारले, "ही दोन सोडलेली खाती स्मरणिकेत घेऊ या का? किती मोठे मन!"

दादाजी म्हणाले, "घ्या. पण मग ती सातही घ्या."

घरात काही दिवस बोलणे तुटक झाले. कर्त्या मुलाचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. आधीच सावकार म्हटले की सिनेमातला कपटी माणूस लोकांच्या डोळ्यांपुढे येतो. त्या काळी खेड्यात कर्ज द्यायला दुसरे होतेच कोण? सरकार सारा रोखीने मागे, पाऊस दगा देई, आणि बुडीत कर्जाची जोखीम व्यापाऱ्याच्या शिरावर असे. हे सारे खरे होते. पण 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुप्याच्या बाजारात शेतकरी उठले, तेव्हा त्यांनी सर्वांत आधी कर्जखतांना हात घातला, हेही खरे होते. त्या दंगलींनंतर 1879 मध्ये दख्खनमधील शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला. कागद जाळावासा वाटण्याइतका कागदाचा धाक होता.

दादाजींचा आधार कायद्याचा नव्हता, व्रतांचा होता. श्रावकाच्या सत्यव्रताचा एक अतिचार 'कूटलेखक्रिया', म्हणजे खोटा लेख करणे. अचौर्यव्रताचा एक अतिचार 'हीनाधिकमानोन्मान', म्हणजे मापात कमी-अधिक करणे. "पूर्वजांनी खोटा लेख केला की नाही, मला माहीत नाही," ते म्हणाले. "पण सात पाने झाकून दोन दाखवली, तर तो खोटा लेख आपला होईल."

पूर्वजांचा गौरव जगात अन्यत्रही होतो. मॉरिशसमध्ये 2 नोव्हेंबर 1834 रोजी 'ॲटलास' जहाजातून 36 भारतीय मजूर उतरले. ऊसमळ्यांसाठी पुढे लाखो गेले, त्यांत कोकणातील मराठी माणसेही होती. ज्या धक्क्यावर ती उतरली, तो आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारसास्थळ आहे. तिथे आज शाळांतून मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या मजुरांच्या जुन्या नोंदवह्या जपलेल्या आहेत, आणि वंशज तिथे येऊन आपल्या खापरपणजोबांचे गाव शोधतात. त्या वह्या मजुरांनी लिहिलेल्या नव्हत्या. त्यांना राबवणाऱ्या व्यवस्थेने हिशोबासाठी लिहिल्या होत्या. तरी आज त्याच वंशजांचा आधार आहेत.

डोणगावच्या वह्याही तशाच आहेत. त्या लिहिल्या व्यापाऱ्याने, पण त्यांतली नावे बहुतेक शेतकऱ्यांची. ज्यांच्या घरी एकही जुना कागद नाही, त्यांच्या पणजोबांचे नाव, बैलजोडी, त्या वर्षी पेरलेले बी, सारे या लाल बांधणीत आहे. हा वारसा एका घराचा नाही.

वऱ्हाड-खानदेशात स्थिरावलेल्या जैन कुटुंबांच्या पुढच्या पिढ्यांनी मातीशी नाते वेगळ्या रीतीनेही जोडले. वाकोदसारख्या खेड्यात जन्मलेल्या भवरलाल जैन यांनी ठिबक सिंचन लहान शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत नेले. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्यात आणले, आणि 2018 मध्ये हीच संघटना बुलढाणा जिल्ह्यातील तलावांचा गाळ काढायला उभी राहिली. तो गाळ शेतकऱ्यांनी आपल्या शेतात पसरला. हे मोठे काम मनात ठेवूनच दादाजींचा हट्ट समजून घ्यायला हवा. देणे लिहायचे तर घेणेही लिहायचे, ही व्यापाराचीच शिस्त आहे. एकाच बाजूची वही कोणताही मुनीम मान्य करत नाही.

एका दुपारी शेजारच्या खेड्यातील एक शेतकरी खतासाठी दुकानात आला. नाव ऐकून दादाजींनी त्याला बसवले, एक पान उघडले आणि बोटाने ओळ दाखवत वाचली. तो पाहत राहिला. "शेटजी, हे आमच्या पणज्याचं नाव हाय?" त्याने विचारले. ते त्या सातांपैकी एक खाते होते, आणि दादाजींनी तेही सांगितले. तो काही वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "शेत गेलं ते आजा सांगे. पण पणज्याचं नाव लिहिलेलं आज पहिल्यांदा पाहिलं." त्याने मोबाइलवर त्या पानाचे छायाचित्र घेतले. जाताना खताचे पैसे नेहमीसारखे मोजून दिले. दादाजींनी हात जोडले. संवत्सरीला अजून दोन महिने होते, पण 'मिच्छामि दुक्कडम्' त्यांनी त्याच दिवशी म्हटले.

स्मरणिका यंदा निघाली नाही. कर्त्या मुलाची समजूत पूर्ण पटली असे नाही; पण नव्या दुकानाच्या नकाशात वह्यांसाठी एक कोरडे कपाट त्यानेच आखून घेतले. नातू दर शनिवारी पुण्याहून फोन करतो. दादाजी एकेक ओळ वाचतात, तो देवनागरीत उतरवून घेतो आणि सोबत ती लिपीही शिकतो. छपनियाची वही संपत आली आहे. मागे अजून एकोणतीस वह्या आहेत, आणि दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया दिवाळीआधी उरकून घ्यायची, असे दादाजींनी स्वतःच डॉक्टरांना कळवले आहे.