संवेदनशील

समीक्षा लिहिताना 'संवेदनशील' हे विशेषण आम्ही सढळ हाताने वापरतो. ज्याच्या मनावर ओरखडा अधिक खोल उमटतो तो संवेदनशील, असा त्याचा रूढ अर्थ. पेशीशास्त्रात हाच शब्द भेटला तेव्हा आम्ही थबकलो.

थिओडोर पक यांनी १९५७ साली चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून पेशींचा एक वंश मिळवला. त्याची संतती आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढते आहे. त्याच वंशातून १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियात लिव्हरमोर येथे लॅरी थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी काही उत्परिवर्तित पेशी निवडून काढल्या. त्यांपैकी एक यूव्ही-५. मूळ पेशी ज्या अतिनील किरणांतून तरून जाते, त्यांत ही मरते. गंमत अशी, की दोघींच्या डीएनएवरचा घाव सारखाच असतो. मूळ पेशी बिघडलेला तुकडा कापून ती जागा नव्याने भरते. यूव्ही-५ ला ते साधत नाही. म्हणजे येथे संवेदनशीलता हे दुरुस्तीच्या उणिवेचे नाव. (कवींना हे कळवावे काय, हा प्रश्न वेगळा.)

पण ही उणीवच दुरुस्तीचा माग दाखवते. यूव्ही-५ ला पुन्हा तगवणारे मानवी जनुक शोधले गेले. त्याला ईआरसीसी-२ म्हणतात. झेरोडर्मा पिग्मेंटोझम या आनुवंशिक रोगाच्या एका प्रकारात नेमके हेच बिघडलेले असते. त्या मुलांना ऊन सोसत नाही, कोवळ्या वयातच त्वचेचा कर्करोग गाठू शकतो. वैद्यकाच्या पुस्तकांत त्यांच्या त्वचेचे वर्णन याच विशेषणाने केलेले असते.